चॉकलेटचे वेल्श केक, बिडाच्या तव्यावर

वेल्श केकमध्ये चॉकलेट घालायचं तर त्यानं करंट्सची, म्हणजे अगदी बारीक, काळ्या, बिनबियांच्या मनुक्यांची जागा घ्यावी, केकची नव्हे. पीठ तेच राहावं, जायफळ-दालचिनीचा वास तोच राहावा, आच तितकीच मंद राहावी आणि मधूनमधून दाताखाली चॉकलेटचा बारीक तुकडा यावा. एवढं सांभाळलं की हा पदार्थ फार सुंदर होतो. नाही सांभाळलं, तर तव्यावरची ब्राउनी हाती येते, आणि ब्राउनी ओव्हनमध्येच चांगली होते.

मी वेल्समधल्या स्वान्सी शहरात राहते. इथल्या प्राथमिक शाळांमध्ये १ मार्चला, म्हणजे सेंट डेव्हिडच्या दिवशी, मुली उंच काळी टोपी आणि शाल घालून येतात, मुलगे बहुतेक रग्बीचा लाल शर्ट घालून. छातीवर कुणी डॅफोडिलचं फूल लावतं, कुणी लीक या कांद्याच्या जातीच्या भाजीची पात. आमच्या शाळेत त्या दिवशी पालक वेल्श केक करून नेतात आणि शाळेसाठी विकतात. चॉकलेटचे करायचं काम माझ्याकडे असतं. करंट्स वेचून ताटाच्या कडेला ठेवणारी मुलं हे मात्र पुरते संपवतात, त्यामुळे मला या कामाचा मनापासून आनंद आहे.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: वेल्श केक हातावर मावेल असा गोल, चपटा, जेमतेम पाऊण सेंटिमीटर जाडीचा असतो. धड बिस्किट नाही, धड स्कोन नाही. बाहेरून खमंग, आत मऊ आणि भुसभुशीत, वरून साखर भुरभुरलेली. ओव्हन लागत नाही; जाड लोखंडी तव्यावर भाजतात, त्याला इंग्रजीत बेकस्टोन म्हणतात आणि वेल्श बोलणाऱ्यांच्या तोंडी प्लांक किंवा माइन असतो. केकचं नाव पिके बाख. स्वान्सी मार्केटमध्ये कोकल (लहान शिंपले) आणि लेव्हरब्रेड (समुद्री शेवाळाचा लगदा) विकणाऱ्या गाळ्यांच्या आसपास फिरलात की तव्यावरून उतरणाऱ्या या केकचा वास येतोच, आणि हल्ली करंट्सच्या केकशेजारी चॉकलेट चिप्सवाले हमखास दिसतात. त्यामुळे चॉकलेट घातलं तर परंपरा मोडेल अशी भीती बाळगू नका. वेल्समध्येच लोक करतात.

परंपरेतली एक गोष्ट मात्र इथे कामाची आहे. दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या दऱ्यांमधले खाणकामगार जेवणाचा पत्र्याचा डबा घेऊन खाली उतरत, त्याला टॉमी बॉक्स म्हणत. त्या डब्यात, कधी थेट कोटाच्या खिशात, हे केक जात. खिशात चुरा न होता टिकतो तो केक घट्ट, चपटा आणि लोण्याचं प्रमाण नेमकं असलेलाच असणार. चॉकलेट घालताना हा घट्टपणा जपायचा आहे. पीठ सैल करायचं नाही, जास्त फुगवायचं नाही.

आधी चॉकलेट निवडा

माझी पसंती ५० ते ६० टक्के कोकोच्या डार्क चॉकलेटच्या वडीला. ७० टक्क्यांच्या वर गेलं की मसाल्याचा वास दबतो आणि मुलं तोंड वाकडं करतात. मिल्क चॉकलेट चालतं, पण त्यात दूध आणि साखर जास्त असल्यानं तव्याला टेकल्याबरोबर ते लवकर करपतं. पांढरं चॉकलेट याहून नाजूक. ते मी पिठात घालतच नाही.

तयार चिप्स घ्यायच्या की वडी चिरायची? चिप्समध्ये सहसा कोकोचं लोणी कमी असतं, म्हणून त्या गरम होऊनही आकार धरून राहतात. विक्रीसाठी, डब्यात नेण्यासाठी त्या सोयीच्या आहेत. घरी, तव्यावरून उतरवून लगेच खायचे असतील तर वडीच चिरा. ती आत वितळते आणि पहिल्या घासाला चॉकलेट ओलं लागतं. चिप्स घेतल्या तरी सगळ्यात लहान आकाराच्या घ्या.

वडी चिरताना एकच माप डोळ्यासमोर ठेवा: करंटचा दाणा. तुकडा त्याहून फार मोठा असेल तर पाऊण सेंटिमीटरच्या केकमधून तो वरून नाहीतर खालून डोकावणार आणि तव्याला टेकणार. चिरलेलं चॉकलेट चाळणीतून चाळा. खाली जो बारीक भुगा पडतो तो पिठात गेला तर पीठ मळकट दिसतं आणि भाजताना काळे ठिपके पडतात. तो भुगा गरम दुधात घालून प्या. वरचे तुकडे पीठ तयार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा.

पीठ

साधारण १८ ते २० केकसाठी मी २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग फ्लोअर, ११० ग्रॅम थंड खारं लोणी, ७५ ग्रॅम कॅस्टर शुगर म्हणजे बारीक दाण्याची साखर, ८० ग्रॅम चिरलेलं डार्क चॉकलेट आणि एक मध्यम अंडं घेते. त्यात अर्धा लहान चमचा मिक्स्ड स्पाइस, वर थोडं ताजं किसलेलं जायफळ, आणि लागलंच तर एक-दोन चमचे दूध. करंट्सच्या केकला मी साखर ८५ ग्रॅम घालते. इथे चॉकलेट स्वतःची साखर घेऊन येतं, म्हणून कमी.

मिक्स्ड स्पाइस हा ब्रिटनमधल्या दुकानांत मिळणारा तयार गोड मसाला. मिळाला नाही तर दालचिनी, जायफळ, थोडी सुंठ आणि एक-दोन लवंगा कुटून घाला. मसाला वगळू मात्र नका. चॉकलेट आहे ना, मग मसाला कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मसाला गेला की तो वेल्श केक राहत नाही, आणि जायफळ-दालचिनीशी डार्क चॉकलेट फार छान जमतं. अर्ध्या संत्र्याच्या सालीचा कीस घातला तर आणखी बहार. सालीचा पांढरा भाग किसणीवर येऊ देऊ नका, तो कडू असतो.

सेल्फ-रेझिंग फ्लोअर म्हणजे बेकिंग पावडर मिसळलेला मैदा. हेन्री जोन्स नावाच्या ब्रिस्टलच्या बेकरनं १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच ब्रिस्टलमध्ये, दोन वर्षांनी, फ्राय कंपनीनं खाण्याच्या चॉकलेटची पहिली वडी बाजारात आणली. ब्रिस्टल सेव्हर्न नदीच्या मुखापाशी, पलीकडे वेल्सचा किनारा. आपल्या केकचे दोन मुख्य जिन्नस एकाच शहरातून, जवळपास एकाच वेळी निघाले, ही गोष्ट मला फार आवडते. साधा मैदाच असेल तर २२५ ग्रॅमला दोन लहान सपाट चमचे बेकिंग पावडर चाळून मिसळा.

लोण्याबद्दल. जुन्या घरांत निम्मं लोणी आणि निम्मी डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, घालत. त्यानं केक फार भुसभुशीत होतो, आणि करंट्सच्या केकमध्ये ती चव शोभतेही. चॉकलेटच्या केकला मात्र निव्वळ लोणीच घ्यावं, कारण लार्डचा वास चॉकलेटखाली झाकला जात नाही, उलट वेगळा पडतो. वेल्सचं लोणी बऱ्यापैकी खारं असतं. ते वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर दोन चिमटी मीठ हवंच, त्याशिवाय चॉकलेटची चव उघडत नाही.

परातीत मैदा, मसाला घ्या. लोण्याचे थंड तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा. तळवा लावू नका, लोणी वितळतं. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच हे, फक्त मोहन इथे थंड आहे आणि थंडच राहिलं पाहिजे. सगळं पीठ रव्यासारखं दिसायला लागलं आणि मूठ दाबली की मुटका वळून परत सहज मोकळा झाला, म्हणजे झालं. आता साखर, संत्र्याचा कीस, मग थंड चॉकलेट. हातानं वरखाली करून तुकडे सगळीकडे पसरू द्या. शेवटी फेटलेलं अंडं. अंडं एकदम ओतू नका. आधी तीन चतुर्थांश घाला, चमच्यानं किंवा सुरीनं ढवळा आणि मग हातानं गोळा करा. गोळा जमत नसेल तरच उरलेलं अंडं, मग दूध.

पीठ तिंबायचं नाही. गोळा नुसता एकत्र आला की थांबायचं. जास्त मळलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि हाताच्या उबेनं चॉकलेट पिठाला रंग सोडतं. गोळा थोडा चपटा करून, झाकून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. करंट्सच्या केकला मी हा अर्धा तास कधीकधी टाळते, चॉकलेटच्या केकला कधीच नाही.

पोळपाटावर किंवा ओट्यावर मैदा भुरभुरून पाऊण सेंटिमीटर जाडीचं लाटा. पातळ लाटलं तर कडक बिस्किट होईल, जाड ठेवलं तर बाहेरून करपून आत कच्चं राहील. सहा सेंटिमीटरच्या कटरनं किंवा धारदार कडेच्या वाटीनं गोल कापा. कटर सरळ दाबून उचला, पिळू नका. प्रत्येक गोल उलटून पाहा: जिथे चॉकलेट पृष्ठभागावर आलंय तिथे ते बोटानं आत ढकला आणि शेजारचं थोडं पीठ त्यावर ओढा. या कामाला दोन-तीन मिनिटं जातात, पण पुढच्या भाजण्यातली निम्मी कटकट इथेच संपते. उरलेल्या कडा परत मळू नका, एकमेकींवर रचून दाबा आणि पुन्हा लाटा.

तवा आणि आच

खरी परीक्षा इथे आहे. वेल्समध्ये घरोघरी जो बेकस्टोन असतो तो बिडाचा किंवा पोलादाचा जाड, सपाट गोल तुकडा. आईकडून मुलीकडे आलेला असेल तर वर्षानुवर्षांच्या लोण्यानं काळाभोर आणि गुळगुळीत झालेला. तो नसेल तर बिडाचा सपाट तवा घ्या. मधे खोलगट असलेला नको, त्यावर केक सगळीकडे सारखा भाजला जात नाही. जाड बुडाचं नॉनस्टिक पॅनही चालेल. पातळ पॅन चालणार नाही, त्यात उष्णता एका जागी गोळा होते आणि चॉकलेट ती जागा बरोबर शोधतं.

तवा मंद ते मध्यम आचेवर ठेवा आणि दहा मिनिटं तसाच तापू द्या. बीड हळू तापतं पण तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून मोठ्या आचेवर झटपट तापवून नंतर आच कमी करण्याचा उपयोग होत नाही. अजमावायला चिमूटभर मैदा तव्यावर टाका. तो सावकाश बदामी झाला तर तवा तयार आहे. टाकल्या टाकल्या तपकिरी होऊन धूर आला तर तवा खाली उतरवून थोडा निवू द्या. लेझरचा थर्मामीटर असेल तर १६० ते १७० अंश सेल्सिअस बघा. करंट्सच्या केकला मी थोडी जास्त आच देते; चॉकलेटला ही पुरे.

आच इतकी जपायची का, तेही सांगते. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे केकमध्ये ते वितळणारच. पण पिठाच्या आत असेपर्यंत त्याला काही होत नाही, कारण पिठात ओलावा आहे आणि ओलावा असेपर्यंत आतलं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. तव्याला थेट टेकलेल्या तुकड्याला मात्र ही ढाल नाही. तो १७० अंशांना सामोरा जातो, करपतो, कडू होतो, तव्याला चिकटतो, आणि पुढच्या प्रत्येक केकला तो काळा डाग लागतो. म्हणून तुकडे बारीक, म्हणून ते आत ढकलायचे, म्हणून आच मंद.

लोण्याच्या कागदानं तव्याला नुसता हात फिरवल्यासारखं तूप किंवा लोणी लावा. तव्यावर तुपाचं तळं दिसलं तर पुसून काढा. हे केक भाजायचे आहेत, तळायचे नाहीत. केक थोडे अंतर ठेवून मांडा. एका बाजूला तीन मिनिटं लागतात. वरचा पृष्ठभाग थोडा फुगतो, चमक जाऊन कोरडा दिसायला लागतो, तेव्हा उलथण्यानं कड उचलून बघा. सोनेरी-तपकिरी असेल तर उलटा, आणि उलटायचं एकदाच. परत परत उलटलं की वितळलेलं चॉकलेट फासलं जातं. दुसरी बाजू अडीच ते तीन मिनिटं. झालाय की नाही हे केकच्या कडेवरून कळतं: बाजूनं हलकं दाबल्यावर ती थोडी परत आली पाहिजे आणि कच्च्या पिठासारखी चिकट दिसता कामा नये. पहिल्या घाण्यातला एक केक मोडून बघा, मग पुढची आच ठरवा.

दोन घाण्यांच्या मधे तवा कोरड्या कापडानं नीट पुसा. चॉकलेटचा एखादा डाग बसलाच असेल तर उलथण्याच्या धारेनं खरवडून मग पुसा.

केक तव्यावरून उतरले की गरम असतानाच कॅस्टर शुगरमध्ये दोन्ही बाजूंनी घोळवा. निवले की साखर चिकटत नाही. पिठीसाखर वापरू नका, ती गरम केकवर विरघळून ओलसर होते आणि दाताखाली जी किरकिर यायला हवी ती येत नाही. साखरेत चिमूटभर दालचिनी मिसळा. कोको मिसळू नका, तो कपड्यांना लागतो.

आणखी चॉकलेट हवं असेल तर

पीठही चॉकलेटचं करायची हौस असेल तर २५ ग्रॅम मैदा काढून तेवढीच कोको पावडर घाला, साखर १० ग्रॅमनं वाढवा आणि एक मोठा चमचा दूध जास्त घ्या, कारण कोको ओलावा पितो. २५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. कोकोमध्ये पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, केक कोरडा होऊन तुटतो. हे पीठ आधीच गडद असल्यानं भाजलं की नाही ते रंगावरून कळत नाही, म्हणून घड्याळ आणि कडेची परीक्षा यांवरच विसंबा. मला स्वतःला फिकट पीठ आणि काळे तुकडे जास्त आवडतात. त्यात लोणी आणि जायफळ ओळखू येतं.

माझा सगळ्यात आवडता प्रकार वेगळाच आहे. दक्षिण वेल्समध्ये जॅम स्प्लिट करतात: साधा केक आडवा चिरून मधे जॅम भरायचा. तसाच चॉकलेटचा करा. पिठात काहीच न घालता, फक्त मसाल्याचा केक थोडा जाड, एक सेंटिमीटरचा लाटून आणखी मंद आचेवर चार-चार मिनिटं भाजा. उतरवल्या उतरवल्या धारदार सुरीनं आडवा चिरा, चॉकलेटचा पातळ तुकडा आत सरकवा, मिठाचे चार खडे टाका आणि मिनिटभर दाबून ठेवा. केकची स्वतःची उष्णता चॉकलेट वितळवते, तव्याशी त्याचा संबंधच येत नाही. अँगलसी बेटावर मेनाई सामुद्रधुनीच्या पाण्यापासून हालेन मोन नावाचं पापुद्र्यांचं समुद्री मीठ करतात. ते मिळालं तर हेच वापरा. कुठलंही जाडं समुद्री मीठ चालेल. ज्यांना आचेची धास्ती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

निवलेला केक वितळलेल्या चॉकलेटमध्ये अर्धा बुडवून वाळवणं हा तिसरा मार्ग. भेटीच्या डब्यात छान दिसतं. पण तव्याचा खमंगपणा चॉकलेटच्या थराखाली जातो, म्हणून घरासाठी मी तो करत नाही. करायचाच असेल तर बुडवण्याच्या बाजूला साखर लावू नका.

अंडं नको असेल तर त्याऐवजी तीन-चार मोठे चमचे थंड दूध हळूहळू घाला, गोळा जमला की थांबा. केक थोडा जास्त भुसभुशीत होतो, उलटताना उलथणं पूर्ण खाली घाला. चव उणी पडत नाही.

शाळेत किंवा कुठल्याही विक्रीला नेणार असाल तर डब्यावर जिन्नसांची चिठ्ठी लावा. युनायटेड किंग्डममध्ये अॅलर्जी देणाऱ्या १४ पदार्थांची ठरलेली यादी आहे, आणि साध्या वेल्श केकमध्ये त्यातले गहू, दूध आणि अंडं असतात. चॉकलेट आलं की बहुधा सोयाही येतो, कारण वडीत सोया लेसिथिन असतं. शिवाय बऱ्याच वेष्टनांवर सुक्या मेव्याचा अंश असू शकतो अशी सूचना असते. मी चॉकलेटच्या वेष्टनाचा फोटोच काढून ठेवते, म्हणजे कुणा पालकानं विचारलं की दाखवता येतो. करंट्सचे आणि चॉकलेटचे केक वेगळ्या डब्यांत न्या.

पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात हे तीन-चार दिवस चांगले राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होतात. जास्तीचे केले असतील तर साखरेत न घोळवता फ्रीझरमध्ये टाका आणि गरम केल्यावर साखर लावा. गरम करायला कोरडा, मंद तवा उत्तम, दर बाजूला अर्धा मिनिट. मायक्रोवेव्ह वापरलात तर एका केकला दहा सेकंद पुरेत, आणि मुलांच्या हातात देण्याआधी मिनिटभर थांबा. बाहेरून केक कोमट लागतो, पण आतलं चॉकलेट जीभ भाजण्याइतकं तापलेलं असतं.